मागच्या पडवीतली रेघ

१

आंबेखोलच्या व्हाळावर वीज करायचं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा आधी मोजणीवाले आले आणि त्यांच्या मागून डॉक्टर आले. व्हाळ म्हणजे आमच्याकडे ओढा. कसालपासून सात मैल आत, डोंगराच्या पोटात आमचं गाव. साल अठ्ठावन्न. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता.

डॉक्टरांना पाण्यातले शंख गोळा करायला माणूस हवा होता. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण माझी आई समुद्राकडची, आणि लहानपणी आजोळी मी खाडीत मुळे-तिसरे काढत असे. त्यामुळे एक शिंपला दुसऱ्यापासून वेगळा ओळखायची नजर होती. डॉक्टरांनी माझ्यापुढे मूठभर शंख टाकले, मी त्यांचे सात ढीग केले, आणि काम मिळालं.

व्हाळाच्या काठाने दहा खुंट मारले होते. रोज सकाळी प्रत्येक खुंटापाशी तीनदा चाळणी बुडवायची. पानांच्या खालची आणि दगडांच्या पोटाची बाजू बघायची. डॉक्टरांना हवी होती ती गोगलगाय मसुराच्या डाळीएवढी, पाठीवर टोपी ठेवल्यासारखी. आमच्या गावात तिला नावसुद्धा नव्हतं. सापडतील त्या काचेच्या नळ्यांत पाणी घालून ठेवायच्या, नळ्या अकरा ते एक उन्हात उभ्या करायच्या, आणि मग पाठीमागे काळं फडकं धरून भिंगातून बघायचं.

"काय बघू?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"पाणी गढूळ झाल्यासारखं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "नीट बघितलं तर शेपट्या दिसतील. तो किडा गोगलगाईच्या पोटात वाढतो आणि दुपारच्या उन्हात पाण्यात सुटतो. माणूस पाण्यात उतरला की कातडीतून आत शिरतो. मग वर्षानुवर्षं लघवीतून रक्त जातं. या जिल्ह्यात वर उत्तरेला एका गावात सापडलाय. धरणाचं पाणी साठलं की या गोगलगायी वाढतात, म्हणून आधी बघून ठेवायचं. इथं तो नसावा."

खरंच नव्हता. सहा महिने मी नळ्या बघितल्या. सगळ्या स्वच्छ.

२

आमचं घर उतारावर होतं. तोंड वरच्या वाटेकडे, पाठ व्हाळाकडे. पुढे लोटा म्हणजे ओसरी, मध्ये वळय म्हणजे माजघर आणि चूल, आणि मागे पडवी. उतारामुळे पडवी घराच्या जमिनीपेक्षा खाली होती. दोन पायऱ्या उतराव्या लागत, पण पायऱ्या हात-हातभर उंच. माझी विधवा बहीण अक्का गुडघ्यांमुळे तिथे कधी उतरत नसे. ती चुलीपाशी निजायची, मी पुढे लोट्यावर, आणि माझी बायको मथुरा आणि सात वर्षांची शेवंती पडवीत. उन्हाळ्यात तेवढीच जागा थंड असायची.

माघ महिन्यात मोजणीवाल्यांनी आमच्या लोट्याच्या दगडावर चुन्याची खूण केली. घराच्या जमिनीपेक्षा दोन बोटं खाली.

"पाणी इथवर येणार," त्यांचा मुकादम म्हणाला.

अक्काने वाकून खूण बघितली. "म्हणजे घरात नाय येवचा. बरा झाला. पाय धुवक व्हाळार जावक नको."

"अक्का, घर सोडावं लागणार आहे."

"पाणी येतला तेवा सोडूया. आजच कित्याक रडतंस?"

आम्ही सगळे ती खूण पुढून बघत होतो. पुढून पाणी पायरीला लागून थांबत होतं.

३

चैत्रात एका सकाळी मथुरा माझ्यामागून पहिल्या खुंटापर्यंत आली. ती कधी तिथे येत नसे.

"अवो, शेवंती लाल मुतता," ती म्हणाली.

अक्काचं म्हणणं पडलं की उन्हाळी लागली. चैत्रात पोरांना लागतेच. तिने धने भिजवून पाणी दिलं, शहाळं फोडलं, बेंबीला चुना लावला. चार दिवसांत उतार पडला नाही. मी बाटलीत लघवी घेऊन डॉक्टरांच्या तंबूत गेलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"मुलगी व्हाळात खेळते?"

"खेळायची. शिमग्यापासून मी बंद केलंय."

"शिमग्याआधी शिरलेला असेल. दिसायला महिने लागतात." त्यांनी मला बघायला दिलं. अंडं होतं, लांबट, आणि टोकाला काटा. "हे पाण्यातूनच येतं, विश्राम. अंगाला पाणी लागल्याशिवाय नाही. पुण्याहून इंजेक्शनं मागवतो. तोवर तिला पाण्याला शिवू देऊ नको. एकदासुद्धा नाही."

मी विचारलं, "पण नळ्या तर स्वच्छ आहेत."

"तू बघायला चुकला असशील," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले. मलाही तेच वाटलं.

४

पडवीला व्हाळाकडे उघडणारं एक दार होतं. शेवंती तिथूनच पळायची. मी त्या दारावर आडवी फळी ठोकली आणि तिची बाज पडवीत लावून दिली. सांगितलं, रात्रंदिवस इथेच राहायचं, दुपारी तर नक्कीच. मथुरेला तिच्याजवळ बसवलं. अंघोळ बंद केली. विहिरीच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मी स्वतः तिचं अंग पुसायचो.

"बाबा, तुमी माका हयसर कित्याक कोंडलास?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"हयसर माझे पाय थंड पडतत."

मी तिच्या पायांवर गोधडी घातली. वैशाखात.

दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं. चेहरा मेणासारखा झाला. मी मथुरेला विचारलं, मी खुंटांवर गेलो की तू हिला बाहेर सोडतेस का? तिने ठोकलेल्या फळीकडे बघितलं. मी तसं विचारायला नको होतं.

त्याच दिवशी शेवंतीची बाज सरकवताना मला भिंतीवर ती दिसली. तांबड्या मातीने सारवलेल्या भिंतीवर, मसुराच्या डाळीएवढी टोपी. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. मी वळयीच्या कवाडातून उजेड येईल असा बाजूला झालो. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर त्यांची ओळ होती, एका भिंतीवरून दुसरीवर, कोपऱ्यातून वळून तिसरीवर, ठोकलेल्या दारावरूनसुद्धा. गवंड्याने दोरी ताणून रेघ मारावी तशी. रेघेच्या वर एकही नव्हती.

मी भिंतीला हात लावला. कोरडी होती. वैशाखातली भिंत जशी असते तशी, ऊन आणि जरा भुसभुशीत.

मी नखाने एक काढली. पायाने तिने बोट धरलं. जिवंत होती.

५

मी स्वतःला समजावलं. माझी चाळणी आणि टोपली मी संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात ठेवायचो. त्यातून उतरल्या असतील. मीच घरात आणल्या. वाईट वाटलं, पण तेवढ्याने बरंही वाटलं, कारण चूक माझी असेल तर ती सुधारता येते.

पण ती रेघ सरळ का, हे काही केल्या समजावता येईना.

मी काही दिवस गवंड्याच्या हाताखाली काम केलं होतं. गवंडी लांब रबरी नळीत पाणी भरून पाणसळ घेतात. दोन टोकं कितीही लांब असली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहतं. डॉक्टरांच्या तंबूतून मी नळी आणली, दोन्ही टोकांना बिनबुडाच्या काचेच्या नळ्या बसवल्या, पाणी भरलं. एक टोक अक्काच्या हातात देऊन तिला लोट्यापाशी चुन्याच्या खुणेजवळ बसवलं.

"अक्का, पाणी खुणेला लागलं की हाक मार. आणि नळी हलवू नको."

"नळी खंय हलता? माझो हात हलता. म्हातारी झालंय मी."

"बोलू नको, बघ."

"बोलान काय पाणी सांडता?"

मी दुसरं टोक घेऊन वळयीतून मागे गेलो, पायऱ्या उतरलो आणि भिंतीला लावलं. मथुरा बाजेपाशी जमिनीवर बसून शेवंतीला पंख्याने वारा घालत होती.

"लागला!" अक्का पुढून ओरडली.

काचेतलं पाणी डुललं आणि थांबलं. बरोबर गोगलगायींच्या रेघेवर.

मी तिथेच उभा राहिलो. मथुरेने विचारलं, "काय करतास?" मी म्हटलं, "काही नाही. भिंत मोजतोय."

पुढून जे पाणी पायरीला लागून थांबणार होतं, ते मागे माझ्या कमरेला येत होतं. एवढा साधा हिशोब आमच्यातल्या कुणी केला नव्हता. पण ते पाणी यायला अजून चार-पाच वर्षं होती. धरणाचा पहिला दगडसुद्धा बसला नव्हता.

मी भिंतीवरच्या वीस गोगलगायी काढून नळ्यांत घातल्या आणि अकरा वाजता उन्हात ठेवल्या. एक वाजता भिंग लागलंच नाही. काळ्या फडक्यासमोर पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. हलत होतं.

६

डॉक्टरांनी नळी बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहा महिने जे सापडत नव्हतं ते सापडलं होतं.

"शाब्बास. कितव्या खुंटावर?"

"खुंटावर नाही. घरात, पडवीच्या भिंतीवर."

ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले आणि माझ्याबरोबर घरी आले. पडवीच्या वरच्या पायरीशी येऊन त्यांनी आत बघितलं. खाली उतरायच्या आधी त्यांनी खाली वाकून दोन्ही हातांनी पँट गुडघ्यांपर्यंत वर ओढली. मग आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं.

ते उतरले नाहीत. पायरीवरूनच हात लांब करून त्यांनी भिंत चाचपली.

"तुझ्या टोपलीतून चढल्यात," ते म्हणाले. "उन्हाळ्यात या जातीला कोरड्यात तग धरता येतो." त्यांनी रुमाल काढून हात पुसला. हात कोरडाच होता. मी बघत होतो. "दहाव्या खुंटावर सापडल्या असं लिहू या. तो तुझ्या घराजवळच आहे."

"आणि शेवंती?"

"इंजेक्शनं परवा येतील. तोवर कोरड्यात ठेव तिला. पाण्यापासून लांब."

वाटेला लागल्यावर ते एकदा थांबले आणि मागे वळून म्हणाले, "इथेच ठेवायला हवं असं नाही हां, विश्राम. दुसरी कुठे जागा असेल तर बघ."

मी ते ऐकायला हवं होतं. मी विचार केला, परवा तर येतायत.

७

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या खुंटापर्यंत गेलो आणि काम टाकून परत आलो. का आलो ते सांगता येणार नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. अक्का वळयीत तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज नेहमीसारखा येत होता. तिने विचारलं, "लवकर इलंस?" आणि मी तिच्या शेजारून मागे गेलो.

पडवीच्या पायऱ्या उतरलो तसा सुपाचा आवाज बंद झाला. मला वाटलं, अक्का थांबली. मान वळवून बघितलं तर तिचे हात चालू होते.

वर वाशांवर उजेड हलत होता. विहिरीत डोकावलं की काठाच्या दगडांवर हलतो ना, तसा, जाळीजाळीचा. खाली पाणी नव्हतं. जमीन शेणाने सारवलेली होती आणि तिच्यावर मथुरेची बोटं उठलेली स्पष्ट दिसत होती. मथुरा बाजेपाशी बसली होती. तिच्या हातातला पंखा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होता, पण फार हळू, पाण्याने भरलेल्या शेतातून फळी ओढावी तसा. ती माझ्याकडे बघून काही बोलली. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही.

शेवंती उताणी निजली होती. तिच्या वेण्या मथुरेने सकाळी सोडल्या होत्या. केस उशीवर नव्हते. उशीच्या वर होते, चोहोबाजूंनी, आणि हळूहळू डोलत होते.

मी पुढे झालो. धोतर मांड्यांना चिकटत होतं आणि पाय उचलायला जड जात होते. भीतीने पाय जड होतात. तेच असेल असं मी तेव्हाही मनाशी म्हटलं. बाजेपाशी जाऊन मी शेवंतीच्या खाली दोन्ही हात घातले. ती थंड होती आणि हलकी, फारच हलकी. तिला उचलली. भिंतीवरची रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. तिचं तोंड त्या रेघेच्या वर आलं आणि तिचं वजन एकदम माझ्या हातांत आलं, आणि तिने श्वास घेतला.

तसा श्वास मी खाडीवर ऐकला होता. होडीवाले बुडालेला नांगर शोधायला तळाशी बुडी मारतात आणि किती तरी वेळाने वर येतात, तेव्हा घेतात तसा. त्यानंतर ती खोकायला लागली. खोकताना तिच्या तोंडातून काही आलं नाही.

"मथुरा, चल," मी म्हटलं. "काही घेऊ नको. चल वर."

मी मागे न बघता पायऱ्या चढलो. सुपाचा आवाज परत आला.

"काय झाला?" अक्का उठत म्हणाली. "चेडवाक खंय व्हरतंस?"

"देवबागला. मथुरेच्या माहेरी. तूसुद्धा चल."

"अशी? जेवान नाय, खान नाय?"

"अशीच."

मग तिने सूप उपडं घातलं आणि पदराला हात पुसले. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला उलट काही विचारलं नाही.

८

देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. खाऱ्या पाण्यात त्या गोगलगायी जगत नाहीत, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. ते चांगले होते. इंजेक्शनं घेऊन ते तिथवर आले, दर दोन-तीन दिवसांनी येत राहिले. औषध कडक होतं. शेवंती ओकायची, माझं बोट धरून ठेवायची. श्रावणात त्यांनी तिची लघवी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरली. पेल्यापलीकडचा माड स्वच्छ दिसत होता.

"सुटली," ते म्हणाले. मग पेला ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तिच्याजवळ कोण बसायचं?"

मथुरा विहिरीवर कळशी घासत होती. मी तिच्यापाशी गेलो. विचारायच्या आधीच तिला कळलं असावं. तिने मान वर केली नाही.

"कधीपासून?" मी म्हटलं.

"शिमग्यापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"बायकांचा रगत कोण बघता?" ती म्हणाली. "आणि सांगितलंय आसतंय तर तुमी माका वर काढलं आसतास. चेडू एकटाच रवला आसता थंय."

शेवंती बाजेवर असायची. मथुरा खाली जमिनीवर बसायची, जमिनीवर निजायची. दहा दिवस मीच तिला तिथे बसवलं होतं.

तिला चार इंजेक्शनं झाली आणि छाती धडधडायला लागली, म्हणून डॉक्टरांनी थांबवली. मूत्रपिंडं आधीच सुजली आहेत, म्हणाले. ती त्यानंतर चार वर्षं होती. दळण करायची, मासे कापायची, शेवंतीला शाळेत पाठवायची. मी मासळीच्या वखारीत काम धरलं. त्या चार वर्षांत आमचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

त्रेसष्ट साली धरणाची दारं बंद केली. आम्ही तीस मैलांवर होतो. कसालहून येणारे लोक सांगायचे, आमचा व्हाळ भरायला लागला, देवळाची घुमटी गेली, आता घरांकडे चढतंय.

गणपती झाले आणि मथुरा दुपारी ओट्यावर बसली की हनुवटी वर करून बसायला लागली. पहिल्या दिवशी मी हसलो. म्हटलं, "काय गो, माडाला नारळ किती धरलेत ते बघतेस?"

"नाय," ती म्हणाली. "अशी बसलंय की बरा वाटता."

दिवसेंदिवस ती हनुवटी जास्त वर करायची. तिची मान भरून येई. मग मी शेजारी बसून तळहात तिच्या हनुवटीखाली धरायचो. ऊन कलेपर्यंत धरायचो. अक्का आतून बघायची. लोक येऊन सांगायचे, तुमच्या लोट्यावरच्या खुणेला आता दोन हात उरलं, आता एक हात उरलं. मी त्यांना विचारायचं सोडून दिलं, तरी ते सांगायचे.

एका दुपारी शेवंती शाळेतून यायला अजून वेळ होता. मथुरेने माझा हात हनुवटीखालून काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"दमलास तुमी," ती म्हणाली.

मग तिने एक मोठा श्वास भरून घेतला आणि तोंड मिटलं. मी तिच्याकडे बघत बसलो होतो. तो श्वास तिने सोडला नाही.